छाप कुठला? : एका जपानी पोस्टरचे कोल्हापुरी वाचन

शिरोली एमआयडीसीतल्या पॅटर्न शॉपमध्ये माझ्या टेबलामागे एक भिंत होती. फाउंड्रीला माल पुरवणाऱ्यांची कॅलेंडरे तिथे दरवर्षी लागत. बेंटोनाइटवाल्याचा गणपती, रेझिनवाल्याची लक्ष्मी, ट्रान्स्पोर्टवाल्याचा जोतिबा. वर्ष संपले की तारखांचे कागद फाडले जात, देव मात्र तसेच राहत. या देवांच्या रांगेत मी एकदा एका जपानी पोस्टरची रंगीत प्रत चिकटवली. तादानोरी योकोओ या चित्रकाराचे १९६५ सालचे पोस्टर. पॉप आर्टवरच्या पुस्तकांत ते हटकून असते आणि त्याच्याखाली ‘सायकेडेलिक’ हा शब्दही हटकून असतो.

दोन दिवस कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मोल्डिंगमधला एक तरुण पोरगा कोअर बॉक्स घ्यायला आला आणि चित्रापुढे उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, “अण्णा, ह्यो कंच्या मालाचा छाप म्हणायचा?”

मी हसलो. हे मालाचे लेबल नव्हे, जगभर गाजलेल्या चित्रकाराचे चित्र आहे, असे त्याला समजावून सांगितले. त्याने मान डोलावली, कोअर बॉक्स उचलला आणि तो गेला. पुढे योकोओंविषयी मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा माझ्या लक्षात आले, की पुस्तकांतल्या पंडितांपेक्षा त्या पोराचा प्रश्न अधिक नेमका होता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

गळफास, गुलाब आणि किरणे

आधी चित्र पाहू. कागद उभा, उंची साडेतीन फुटांच्या आसपास, छपाई सिल्कस्क्रीनची. पार्श्वभूमीवर मधोमध उगवता सूर्य आणि त्यातून कागदाच्या कडांपर्यंत धावणारे लाल-निळे पट्टे. या तेजाच्या पुढ्यात सूटबूट घातलेला एक माणूस गळफासाला लटकतो आहे आणि त्याच्या हातात गुलाबाचे फूल आहे. वरच्या कोपऱ्यांत फुजी पर्वत आहे. एका बाजूला त्याच्यासमोरून नवी कोरी शिंकानसेन आगगाडी धावते, दुसऱ्या बाजूला तोच पर्वत स्फोटाने उसळतो. खाली एका कोपऱ्यात चित्रकाराचा तान्हेपणीचा फोटो, तर दुसऱ्या कोपऱ्यात बोटांची एक अश्लील खूण. अक्षरे इंग्रजीत आहेत: ‘मेड इन जपान’, चित्रकाराचे नाव आणि एक वाक्य, ज्याचा अर्थ असा, की एकोणतिसाव्या वर्षी कळस गाठून मी मेलो.

हे पोस्टर कोणत्याही मालाची जाहिरात करत नव्हते. टोकियोच्या गिन्झा भागातल्या मात्सुया या मोठ्या दुकानात १९६५ साली ‘पर्सोना’ नावाचे ग्राफिक डिझाइनरांचे प्रदर्शन भरले होते. त्यात योकोओंनी स्वतःचीच जाहिरात केली, तीही स्वतःच्या मरणाची. तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांनी आपल्या कामांचा संग्रह काढला तो ‘मरणोत्तर’ म्हणूनच. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते.

या चित्राची प्रतीके उलगडणारे बरेच काही लिहिले गेले आहे. गळफास म्हणजे आधुनिक माणसाची घुसमट, फुजीचा स्फोट म्हणजे अणुबॉम्ब, किरणे म्हणजे लष्करशाही, एकूण चित्र म्हणजे अमली पदार्थांच्या अमलातला भास. एकेका वस्तूला एकेक अर्थ लावायचा आणि शेवटी बेरीज करायची. प्रत्येक अर्थात थोडेफार तथ्य आहे, तरी बेरीज काही केल्या जमत नाही. नशेत पाहिलेले स्वप्न इतके ताठ, इतके समतोल कसे? मध्ये मूर्ती, भोवती तेज, चार कोपऱ्यांत चार चित्रे, वर नाव, खाली मजकूर. ही मांडणी कुठेतरी पाहिलेली आहे असे वाटते. ती आपण दुकानात पाहिलेली असते.

निशिवाकीचा मुलगा

योकोओंचा जन्म १९३६ सालचा, ह्योगो प्रांतातल्या निशिवाकी गावचा. हे गाव विणकरांचे. सूत आधी रंगवून मग विणायचे, ही तिथली खासियत. तिथले कापड परदेशी जात असे. आपल्याकडे इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सगळे गावच मागाच्या खटखटीवर जगू लागले. निशिवाकीचे चित्र डोळ्यांपुढे आणायला आम्हां कोल्हापूरकरांना फारसे कष्ट पडत नाहीत.

लहानपणीच योकोओ नात्यातल्या, मूल नसलेल्या जोडप्याला दत्तक गेले. हे घर किमोनोच्या कापडाचा व्यापार करणारे. कापडाच्या गुंडाळ्यांवर चिकटवायची रंगीत लेबले घरात असत आणि तीच या मुलाची पहिली चित्रशाळा ठरली. सूर्य, लाटा, पर्वत, सोनेरी कडा, ठसठशीत अक्षरे. जोडीला मुलांची चित्रपुस्तके होती. पाच वर्षांच्या वयात त्यांनी एका पुस्तकातले मुसाशी आणि कोजिरो या तलवारबहाद्दरांच्या द्वंद्वाचे चित्र हुबेहूब उतरवले, ते आजही त्यांच्या चरित्रात दाखवले जाते. म्हणजे या चित्रकाराचे पहिले चित्र ही नक्कल होती आणि पहिला संग्रह लेबलांचा. महायुद्ध संपताना ते नऊ वर्षांचे होते. बॉम्बहल्ल्यांत पेटलेल्या शहरांनी लाल झालेले आकाश त्यांनी गावातून पाहिले होते.

पुढे कोबेच्या वर्तमानपत्रात काम करून १९६० मध्ये ते टोकियोला गेले आणि ‘निप्पॉन डिझाइन सेंटर’मध्ये लागले. त्या काळच्या जपानी डिझाइनवर पश्चिमेकडून आलेल्या शिस्तीचा पगडा होता. त्या शिस्तीचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे युसाकु कामेकुरांचे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे चिन्ह: पांढऱ्या कागदावर एक लाल गोळा, खाली सोनेरी पाच कडी आणि अक्षरे, बाकी काही नाही. युद्धात हरलेल्या देशाने आपला सूर्य धुऊनपुसून, किरणे काढून जगापुढे ठेवला होता.

वर्षभरानेच योकोओंनी त्या सूर्याला किरणे परत लावली. शिस्तीच्या डिझाइनने हद्दपार केलेले सगळे त्यांनी परत आणले: लेबलाचा भडकपणा, बाजारातले रंग, जत्रेतला थाट. ‘मेड इन जपान’ हे शब्दही त्यातलेच. युद्धाआधी आपल्याकडे ‘जपानी माल’ म्हणजे दिसायला झकपक, किमतीला स्वस्त आणि टिकायला बेभरवशाचा. योकोओंनी तो शिक्का स्वतःच्या छातीवर मारून घेतला. मी माल आहे, माझ्यावर लेबल आहे आणि लेबलावर लिहिले आहे की मी मेलो. त्या पोस्टरमध्ये मरतो आहे तो सूटबूट घातलेला, नीटनेटका डिझाइनर. त्याच्यामागे उगवतो तो निशिवाकीच्या कापडाच्या दुकानातला सूर्य.

किरणांचा अर्थ म्हणूनच एक नाही. ते लेबलावरचे तेज आहे, ते लष्करी निशाणही आहे आणि जळणाऱ्या शहरांचे आकाशही आहे. एकाच पट्ट्यावर हे तिन्ही अर्थ ठेवता येतात, कारण लेबलावरची खूण अर्थ सांगत नाही, ओळख पटवते. ओळख पटल्यावर कोणाला काय आठवेल हे ज्याच्या त्याच्या आयुष्यावर अवलंबून असते.

छाप म्हणजे काय?

आमच्या धंद्यात छापाशिवाय माल हलत नाही. पॅटर्नवर अक्षरे ठोकलेली असतात, ती वाळूत उमटतात आणि वाळूतून लोखंडावर. तयार कास्टिंगवर कारखान्याची खूण असते, हीट नंबर असतो. काही वर्षांनी तो भाग तुटून परत आला, तर त्या खुणेवरून तो कधीच्या धातूचा हे सांगता येते. छाप हा मालाचा जामीन असतो.

कापडाच्या धंद्यात हेच काम कागदाने केले. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे कापड मुंबईच्या बंदरात उतरे, तेव्हा प्रत्येक ठाणावर एक रंगीत लेबल चिकटवलेले असे. गिऱ्हाईकाला इंग्रजी वाचता येत नसे, पुष्कळदा कोणतीच लिपी वाचता येत नसे. त्याने गिरणीचे नाव लक्षात ठेवावे ही अपेक्षाच नव्हती. त्याने चित्र लक्षात ठेवायचे. म्हणून लेबलांवर गणपती आले, कृष्ण आला, हत्ती-वाघ आले, राजे आणि नाटकातल्या नायिका आल्या. विलायतेत छापलेले आपले देव विलायती कापडाला चिकटून आपल्या गावांत पोचले. पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही तीच रीत उचलली. गिऱ्हाईक दुकानात जाऊन अमुक छापाचे धोतर मागे. कापड फाटून जाई, पण लेबल पुष्कळदा पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा देव्हाऱ्याच्या मागे जाऊन बसे.

मालाच्या चित्राचा असा देव होणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हती, कारण देवाचे चित्रही तोवर माल झालेले होते. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना सुरू झाला आणि देवादिकांची रंगीत शिळाछापे घरोघर गेली. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. एकेका रंगासाठी एकेक दगड, दगडावरचे चित्र उलटे, कागदावर ते सुलटे. चार हातांची लक्ष्मी कमळावर उभी, मागे हत्ती. शंभर वर्षांनंतरही बहुतेक मराठी घरांत लक्ष्मी म्हटले की तीच डोळ्यांपुढे येते. दादासाहेब फाळक्यांचेही छपाईतले हात मळवलीच्या या छापखान्याशी असलेल्या कामातून बसले.

कोबेहून आलेले देव

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला धागा. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात खपणाऱ्या आगपेट्यांचा मोठा हिस्सा जपानमधून येत असे आणि जपानमधल्या आगपेट्यांची मोठी केंद्रे होती कोबे आणि ओसाका. कोबे हे ह्योगो प्रांताचे मुख्य शहर, म्हणजे योकोओंच्या निशिवाकीचाच प्रांत. आगपेटीच्या एवढ्याशा कागदावर तिथल्या छापखान्यांनी आपले देव छापले. कृष्ण, सरस्वती, लक्ष्मी, काली. काही चित्रे उघडउघड रविवर्म्याच्या छापांवरून उतरवलेली. नक्कल करणाऱ्याला कथा ठाऊक नव्हती, त्यामुळे डोळे किंचित जपानी होत, पदराची चुणी किमोनोसारखी पडे आणि कमळ तिथल्या तळ्यातले असे. आपल्या चुली त्या काडीने पेटत होत्या.

हा व्यापार थांबला तो करामुळे. १९२२ मध्ये बाहेरून येणाऱ्या आगपेट्यांवर जबर आयात कर बसला. १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलाची विमको कंपनी स्थापन झाली आणि अंबरनाथला काडेपेट्या बनू लागल्या. जपानी देव बाजारातून गेले. ते आज संग्राहकांच्या वह्यांत सापडतात.

जपान आणि महाराष्ट्र यांच्यातल्या चित्रांच्या नात्याचा इतिहास लिहिला जातो तो वेगळ्या वाटेने. त्या वाटेवर अजिंठा आहे. होर्युजी मंदिरातली भित्तिचित्रे आणि अजिंठ्याची चित्रे यांतले साम्य पाहून जपानी विद्वान इकडे वळले. विसाव्या शतकाच्या आरंभी ओकाकुरा भारतात येऊन गेले. १९१७-१८ च्या हिवाळ्यात अराई काम्पो या चित्रकाराने अजिंठ्याच्या लेण्यांत मुक्काम करून मोठ्या प्रतिकृती केल्या. टोकियोत नेलेल्या त्या प्रतिकृती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. ही वाट मोठी आहे, आदराची आहे. पण त्याच वर्षांत कोबेच्या गोदीतून मुंबईकडे निघालेल्या पेट्यांतून लाखो देव प्रवास करत होते आणि त्यांची नोंद कलेच्या इतिहासात नाही. ती वाट बाजाराची होती. योकोओ आले ते या दुसऱ्या वाटेवरून.

नशा कशाची?

‘सायकेडेलिक’ हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ मध्ये आल्डस हक्स्लेला लिहिलेल्या पत्रात घडवला. मन आणि प्रकट होणे अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांची ती जोड. औषधाचा परिणाम सांगायला बनलेला शब्द दहा वर्षांत चित्रांना चिकटला. सॅन फ्रान्सिस्कोत संगीताच्या जलशांची पोस्टरे निघू लागली. त्यांतली अक्षरे वितळल्यासारखी आणि रंग थरथरणारे.

हे रंग थरथरतात त्याचे कारण मेंदूत शिरलेले रसायन नव्हे. तितक्याच उजळ दोन विरोधी रंगांची कड एकमेकींना भिडली, की डोळ्याला ती कड स्थिर धरता येत नाही. त्या पोस्टरकारांतला व्हिक्टर मॉस्कोसो हा येल विद्यापीठात जोसेफ अल्बर्स यांच्याकडे रंगशास्त्र शिकून आला होता. शिकलेले नियम मी उलटे वापरले, असे तो सांगे. लेबल छापणाऱ्यांना हे शास्त्र शिकल्याशिवाय ठाऊक होते. दुकानाच्या अंधाऱ्या फळीवरचे ठाण दहा हातांवरून ओळखू यायला हवे, तर लालाला निळा भिडवायचा. योकोओंच्या किरणांची झिंग तीच. न्यूयॉर्कची सायकेडेलिक दुनिया त्यांनी १९६७ मध्ये पाहिली. पोस्टर त्याच्या दोन वर्षे आधीचे आहे.

आणि त्या दुनियेत तोवर आपले देव जाऊन बसले होते. १९६७ च्या डिसेंबरात आलेल्या जिमी हेंड्रिक्सच्या ‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’ या तबकडीचे वेष्टन म्हणजे बाजारात मिळणारे विष्णूच्या विराटरूपाचे चित्र. फक्त मधले चेहरे हेंड्रिक्स आणि त्याच्या दोन साथीदारांचे. आपले नाते अमेरिकेतल्या मूळ ‘इंडियन’ लोकांशी आहे, तेव्हा चित्र त्यांच्यावरून हवे होते, असे हेंड्रिक्सचे म्हणणे होते. पश्चिमेला ते चित्र म्हणजे विस्तारलेल्या जाणिवेचे दर्शन वाटले. आपल्याकडे ते न्हाव्याच्या दुकानात, आरशाच्या वर असते आणि त्याच्यासमोर बसून कोणाचीही जाणीव विस्तारत नाही. चित्र तेच, पाहणारा बदलला.

शंभल ते कोचीन

योकोओ भारतात प्रथम आले १९७४ मध्ये. त्याआधी त्यांना भारताची ओढ लागली होती ती काही अंशी युकिओ मिशिमा या कादंबरीकाराच्या सहवासात. मिशिमा १९६७ मध्ये भारतात हिंडून गेले होते. त्यांच्या शेवटच्या चार कादंबऱ्यांच्या मालेतल्या तिसऱ्या कादंबरीचा नायक काशीचे घाट पाहतो आणि अजिंठ्याला येऊन तिथला धबधबाही पाहतो. १९७० हे वर्ष योकोओंच्या आयुष्यात फार उलथापालथीचे. वर्षाच्या आरंभी मोटार अपघात झाला. ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी वस्त्रोद्योगाचे दालन उभे केले. घुमट बांधून झाल्यावरही त्याभोवतीचे पराती-वासे न काढता लाल रंगवून तसेच ठेवले, जणू काम अर्धवट सोडून कामगार निघून गेले आहेत. नोव्हेंबरात मिशिमांनी पोट चिरून आत्महत्या केली. एकोणतिसाव्या वर्षी मरणाची थट्टा करणाऱ्याच्या दारात आता खरे मरण आले होते.

या काळानंतरच्या चित्रांत देव, ग्रह, कमळे, प्रकाशाचे झोत दिसू लागतात. १९७४ मध्ये त्यांनी ‘शंभल’ नावाची सिल्कस्क्रीन चित्रमाला केली. तिबेटी परंपरेत शंभल हे हिमालयापलीकडचे गुप्त राज्य; आपल्या पुराणांत शंभल हे कल्कीच्या जन्माचे गाव. त्याच वर्षी कार्लोस सांतानाच्या ‘लोटस’ या तीन तबकड्यांच्या संचाचे वेष्टन त्यांनी केले. ओसाकाच्या १९७३ मधल्या मैफलींचे ते ध्वनिमुद्रण. वेष्टन घडीघडीने उलगडत जाते आणि त्याच्या एकूण बावीस बाजू होतात. सांताना तेव्हा बंगाली गुरू श्री चिन्मय यांचा शिष्य झाला होता आणि ‘देवदीप’ हे नाव त्याने घेतले होते. म्हणजे बंगाली गुरूच्या मेक्सिकन शिष्याच्या जपानी मैफलीचे वेष्टन आणि त्यावर निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिमा.

इथेही पंडित प्रतीके शोधतात. कमळ म्हणजे आत्मज्ञान, किरणे म्हणजे साक्षात्कार. योकोओंची आध्यात्मिक ओढ खोटी होती असे मी म्हणणार नाही. ते पुन्हा पुन्हा भारतात आले, १९७७ मध्ये त्यांचे ‘भारताकडे’ अशा अर्थाच्या नावाचे प्रवासाचे पुस्तक निघाले. पण त्यांचा देव गाभाऱ्यातला नाही, तो छापलेला आहे. कात्रीने कापता येणारा, दुसऱ्या आकाशावर चिकटवता येणारा. असा देव त्यांना परका वाटला नाही, कारण त्यांच्या बालपणीचा सूर्यही छापलेलाच होता.

याचा सर्वांत बोलका पुरावा १९७८ चा आहे. संगीतकार हारुओमी होसोनो यांच्यासोबत ते भारतात आले. होसोनो इथे आजारी पडले. परतल्यावर दोघांच्या नावाने ‘कोचीन मून’ ही तबकडी निघाली. तिच्यातल्या एका तुकड्याचे नाव ‘हिपॅटायटिस’ असे आहे. ही तबकडी म्हणजे कधीच न निघालेल्या एका हिंदुस्थानी चित्रपटाचे पार्श्वसंगीत, अशी कल्पना. वेष्टनावरचे योकोओंचे चित्र आपल्या सिनेमाच्या पोस्टरच्या थाटातले आहे. साक्षात्काराच्या शोधात आलेला चित्रकार जाताना बरोबर काय घेऊन गेला, तर सिनेमाचे पोस्टर.

कोल्हापूरचा कागद

सिनेमाचे पोस्टर म्हटले की कोल्हापूरकर थांबतो, कारण ती गोष्ट आमच्या गावात सुरू होते. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आपल्या चित्रपटांची पोस्टरे ते स्वतः रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. नाटकाच्या पडद्यातून पोस्टर आले, पोस्टरातून थिएटरवरची प्रचंड बॅनरे आली. कोल्हापूरचे जी. कांबळे ‘मुघल-ए-आझम’च्या पोस्टरांपर्यंत पोचले. तिकडे मुंबईत रघुवीर मुळगावकर स्प्रेच्या फवाऱ्याने देवांच्या मागची प्रभा विरघळवत होते. दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’ अंक काढला. आपल्या हातातल्या या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठही त्याच घराण्यातले.

बाबूरावांचा हात योकोओंपर्यंत पोचला, असा माझा दावा नाही. दावा एवढाच, की दोघे एकाच जातीचे काम करत होते. गर्दीतून जाणाऱ्या माणसाला एका क्षणात थांबवायचे, त्याला वाचता येते हे गृहीत न धरता सगळे सांगायचे आणि आठवडा झाला की फाडले जाणार हे ठाऊक असूनही नीट करायचे. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये पॅटर्न एकच असतो आणि त्यावरून कास्टिंगे हजारो निघतात. पॅटर्न कोणी पूजत नाही. जगात हिंडते ते कास्टिंग. छापील चित्राचेही तसेच आहे. त्याचा खरेपणा त्याच्या एकुलतेपणात नसतो, ते किती हातांतून गेले यात असतो. कलेच्या इतिहासाला एकुलत्या वस्तूंची सवय आहे, म्हणून ही चित्रे त्याच्या जाळ्यातून निसटतात.

हे मला उशिरा कळले आणि त्याची किंमतही मोजावी लागली. माझे थोरले मामा कोल्हापुरात सिनेमाची बॅनरे रंगवत. चौकटी आखलेल्या छोट्या कागदावर नट-नट्यांचे चेहरे काढायचे आणि तोच चेहरा वीस फुटांवर चढवायचा. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत असे शेकडो कागद निघाले, सोबत जुनी कॅलेंडरे आणि कापडाची लेबले. त्या काळी मी नुकताच चित्रकलेवरची मोठी पुस्तके वाचायला लागलो होतो. ‘कॅलेंडरी’ हा शब्द शिवीसारखा वापरायला शिकलो होतो. मामींनी विचारले, “ह्याचं काय करायचं रे?” मी म्हणालो, “रद्दीत घाला.” तो निर्णय सर्वस्वी माझा होता. कागद किलोवर गेले.

पुढे काही वर्षांत डिजिटल फ्लेक्स आला आणि रंगवणारे हातच थांबले. आज मामांच्या त्या कागदांपैकी एक जरी हाती असता, तर या लेखात मला जपानपर्यंत जावे लागले नसते.

निशिवाकीने काय केले तेही सांगायला हवे. चाळीस हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या गावाने १९८४ मध्ये आपल्या लेबलवाल्या मुलासाठी एक कलासंग्रहालय उभारले. रचना अराता इसोझाकी या नामवंत वास्तुकाराची, आकार आगगाडीच्या डब्यांसारखा. पूर्व रेखांश १३५ आणि उत्तर अक्षांश ३५ जिथे मिळतात ते ठिकाण गावातच असल्याने निशिवाकी स्वतःला जपानची बेंबी म्हणवते. संग्रहालय तिथेच आहे. कोबेतही २०१२ मध्ये त्यांच्या नावाचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. ज्या कापडाच्या लेबलांतून तो सूर्य उगवला, त्या लेबलांनाही तिकडे आता कोणी रद्दी म्हणत नाही.

रविवर्म्याचा मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत जळाला. अराई काम्पोच्या अजिंठ्याच्या प्रतिकृतीही आगीतच गेल्या. आगीपुढे इलाज नसतो. पण कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीतल्या जुन्या पेढ्यांच्या माळ्यांवर, छापखान्यांच्या फडताळांत, बंद पडलेल्या थिएटरांच्या मागच्या खोल्यांत अजूनही कागद आहेत. कापडाचे छाप, तंबाखूचे मार्के, बॅनरचे चौकटी आखलेले नमुने. त्यांना आग लागलेली नाही. ते फक्त रद्दीच्या वाटेवर आहेत.

गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी मी ते गोळा करतो. कागद मिळाला की मागे पेन्सिलीने लिहून ठेवतो: कुठे मिळाला, कोणत्या मालावर होता, कोणी छापला. त्या पोराने विचारले होते तेच मी आता विचारत हिंडतो, छाप कुठला? तो आता दुसऱ्या फाउंड्रीत सुपरवायझर आहे. गेल्या दसऱ्याला भेटला तेव्हा त्याने खिशातून घडी घातलेले एक जुने विडीचे लेबल काढून माझ्या हातावर ठेवले. आजीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेले होते म्हणाला. मधोमध सूर्य होता आणि त्याला लाल किरणे होती.